हॅरी पॉटरच्या डीव्हीडी, ब्लू-रे आणि फोर-के संचांचे परीक्षण कसे वाचावे

चित्रपटाचे परीक्षण आणि त्या चित्रपटाच्या डीव्हीडीचे किंवा ब्लू-रेचे परीक्षण ही दोन निरनिराळी कामे आहेत. वर्तमानपत्रांमुळे आपल्याला फक्त पहिल्याची सवय असते, म्हणून दुसरे वाचताना वाचक बहुधा गोंधळतो. पहिल्यात कथा, अभिनय आणि दिग्दर्शन यांचा विचार होतो. दुसऱ्यात तो विचार झालेलाच आहे असे धरून वेगळा प्रश्न विचारलेला असतो: दिग्दर्शकाने, छायालेखकाने आणि ध्वनिसंयोजकाने जो चित्रपट पूर्ण करून चित्रपटगृहात पाठवला, तो या डिस्कवरून आपल्या घरच्या टीव्हीपर्यंत कितपत जसाच्या तसा पोहोचतो? त्याचे उत्तर देताना परीक्षक बिटरेट, ग्रेन, एचडीआर, डीटीएस-एक्स असे शब्द वापरतो, आणि ते समजले नाहीत की वाचक शेवटी दिलेले तारे मोजून संच घ्यायचा की नाही ते ठरवतो. बडोद्याच्या मराठी वाचकांना हे शब्द उलगडून सांगावेत म्हणून हा लेख लिहीत आहे, आणि उदाहरणासाठी हॅरी पॉटरची चित्रपटमालिका घेतली आहे.

बडोद्याच्या मराठी घरांना या मालिकेची ओळख करून देण्याची गरज नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात किंवा शहराच्या नव्या वस्त्यांत वाढणारी मराठी मुले घरी मराठी, शेजारी गुजराती, शाळेत बहुतेकदा इंग्रजी आणि टीव्हीसमोर हिंदी अशा चार भाषांत वावरतात. पुस्तक त्यांच्या हाती भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेल्या ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या रूपाने मराठीतही आले. चित्रपट मात्र त्यांच्या घरांत हिंदीतून किंवा इंग्रजीतून पाहिले गेले. ज्यांनी लहानपणी हे चित्रपट व्हीसीडीवर पाहिले, तेच आज आईवडील आहेत आणि आपल्या मुलांसाठी चांगला संच घ्यावा असे त्यांना वाटते. बाहेरून मागवलेल्या फोर-के (ब्लू-रेच्या चौपट बिंदूंच्या) संचाची किंमत घरखर्चात सहज मावणारी नसते, तेव्हा परीक्षण नीट वाचता येणे हा इथे केवळ हौसेचा भाग राहत नाही.

मालिकेच्या संचाचे परीक्षण एका चित्रपटाच्या परीक्षणापेक्षा अवघड असते. हॅरी पॉटरचे आठ चित्रपट २००१ ते २०११ या काळात आले. पहिले दोन ख्रिस कोलंबस यांनी, तिसरा अल्फॉन्सो क्वारोन यांनी, चौथा माइक न्यूएल यांनी आणि उरलेले चार डेव्हिड येट्स यांनी दिग्दर्शित केले. या आठ चित्रपटांना मिळून सहा छायालेखक आणि चार संगीतकार लाभले. पहिल्या चित्रपटात हॉगवर्ट्सचे भोजनगृह मेणबत्त्यांच्या उबदार, पिवळसर उजेडात न्हालेले आहे; तिसऱ्यात रंग जाणीवपूर्वक फिके आणि राखाडी केलेले आहेत, कारण तिथे थंडी आणि भीती हेच मुख्य वातावरण आहे; शेवटच्या दोन चित्रपटांत तर बराचसा काळ अंधारात किंवा उजाड माळरानावर जातो. अशा आठ चित्रपटांच्या संचाला एकत्रितपणे ‘पाचपैकी चार तारे’ दिले तर त्यातून ग्राहकाला काहीही कळत नाही. प्रत्येक चित्रपटाची डिस्क त्या चित्रपटाच्या स्वतःच्या हेतूशी ताडून पाहावी लागते, आणि ज्या परीक्षणात हे केलेले नसेल ते मी अपुरे मानतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे २००९ मध्ये आलेला सहावा चित्रपट, ‘हाफ-ब्लड प्रिन्स’. त्याचे छायालेखन ब्रुनो देलबोनेल यांनी केले. त्यांनी चित्रातील बहुतेक रंग काढून घेतले, हिरवट-करड्या छटा ठेवल्या, चेहऱ्यांवर मंद आणि मऊ प्रकाश पडू दिला आणि खोल्यांचे कोपरे अंधारात सोडले. आठ चित्रपटांपैकी छायालेखनासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले ते याच चित्रपटाला. आता हीच डिस्क एप्रिलमधल्या दुपारी, पडदे न ओढता, समोरच्या खिडकीतून ऊन येत असताना टीव्हीवर लावली, तर चित्र गढूळ दिसते आणि डिस्क सदोष असल्याची खात्री पटते. काही परीक्षणांतही ‘चित्र फार काळोखे, रंग निस्तेज’ असे लिहून गुण कापलेले असतात. तो काळोख मुळातला आहे. डिस्कचा दोष कधी मानायचा याचे निकष वेगळे आहेत, आणि ते नेमके आहेत.

पहिला निकष असा की, मुळात काळोख असलेल्या दृश्यात काळ्या भागाच्या आतही तपशील शिल्लक असतो. डंबलडोर आणि हॅरी गुहेत जातात त्या दृश्यात काळ्या खडकाचा पोत, ओल्या झग्याच्या घड्या आणि पाण्याची कड हे सर्व अगदी अंधूक का होईना पण दिसले पाहिजे. त्याऐवजी सपाट काळा डाग दिसत असेल, तर डिस्क तयार करताना गडद छटा दाबल्या गेल्या आहेत. उलट काळ्याच्या जागी धुरकट करडा रंग दिसत असेल, तर काळ्याची पातळी चुकून वर नेलेली आहे. दुसरा निकष रंगांच्या संथ उतारांचा आहे. धुके, आकाश किंवा पाण्याखालचा उजेड यांत छटा हळूहळू बदलतात. डिस्कवर माहिती कमी पडली की या उतारावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात, ज्याला परीक्षक बँडिंग म्हणतात. सातव्या चित्रपटात तीन भावांची गोष्ट सावल्यांच्या ॲनिमेशनमधून सांगितली आहे. तिच्या पार्श्वभूमीचे तांबूस-तपकिरी उतार ही बँडिंग तपासण्याची उत्तम जागा आहे. तिसरा निकष तुलनेचा: त्याच चित्रपटाच्या जुन्या आवृत्तीशेजारी नवी ठेवून त्वचेचा, बर्फाचा आणि पांढऱ्या कागदाचा रंग पाहायचा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या चित्रपटाची विस्तारित आवृत्ती २०११ मध्ये ब्लू-रेवर आली तेव्हा चित्रावर हिरवट झाक आलेली होती, आणि प्रेक्षकांनी ती अशाच तुलनेतून दाखवून दिली. हिरवी छटा दोन्हीकडे आहे, पण देलबोनेल यांच्या चित्रपटात ती छायालेखकाची निवड आहे आणि त्या ब्लू-रेवर ती नंतर येऊन बसली होती. परीक्षकाचे मुख्य काम हा भेद ओळखणे हेच आहे.

इथे टीव्हीचाही वाटा आहे. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’ किंवा तशाच भडक मोडवर असतो, ज्यात रंग आणि निळसरपणा वाढवलेला असतो. शिवाय त्यात हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असते; ती सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात स्वतःच्या कल्पनेने मधल्या चौकटी घालते आणि चित्रपट टीव्हीवरच्या रोजच्या मालिकांसारखा दिसू लागतो. २०१९ मध्ये टीव्ही उत्पादक आणि चित्रपट स्टुडिओ यांच्या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, ज्यात या सर्व सुधारणा एकदम बंद होतात. आपल्या टीव्हीत तो असेल तर आधी चालू करावा, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड ठेवावा, आणि मगच परीक्षकाने लिहिलेले आपल्याला दिसते का ते पाहावे.

आता स्वरूपांकडे येऊ. व्हीसीडीवर चित्राचा आकार ३५२ गुणिले २८८ बिंदू (पिक्सेल) इतकाच असतो आणि एका डिस्कवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटे मावतात, त्यामुळे पहिला १५२ मिनिटांचा चित्रपट दोन-तीन डिस्क बदलत पाहावा लागे. डीव्हीडीवर आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत ७२० गुणिले ५७६ बिंदू मिळतात, ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८० आणि फोर-के डिस्कवर ३८४० गुणिले २१६०. मात्र हे चित्रपट रुंद पडद्यासाठी केलेले आहेत. त्यांची रुंदी उंचीच्या सुमारे २.३९ पट आहे. टीव्हीवर वर आणि खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि प्रत्यक्ष चित्राला ब्लू-रेवर १०८० पैकी सुमारे ८०० ओळीच मिळतात. त्या पट्ट्या म्हणजे चित्र कापलेले नाही, उलट पूर्ण चित्र दाखवल्याची ती खूण आहे. चित्र खरोखर कापले जाते ते जुन्या चौकोनी टीव्हीसाठी काढलेल्या ‘फुल स्क्रीन’ डीव्हीडींत, म्हणून जुन्या बाजारात असा शिक्का दिसला तर ती डिस्क घेऊ नये.

डीव्हीडीबाबत आणखी एक गोष्ट परीक्षणांत अनेकदा सुटते, आणि संगीताची जाण असलेल्या बडोद्यात ती सांगितलीच पाहिजे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि पाल पद्धतीचा व्हिडिओ २५ चौकटींनी. हा फरक मिटवण्यासाठी पाल डीव्हीडीवर बहुधा सगळा चित्रपटच सुमारे चार टक्के जलद चालवला जातो. १५२ मिनिटांचा पहिला चित्रपट अशा डीव्हीडीवर सुमारे १४६ मिनिटांत संपतो, आणि काहीही न कापता संपतो. वेग वाढला की आवाजही चढतो, हे आपल्याला माहीतच आहे. वेगळी दुरुस्ती केलेली नसेल तर जॉन विल्यम्स यांनी सेलेस्टा या वाद्यावर बांधलेली हेडविगची धून अर्ध्या स्वराला थोडी कमी इतकी वर सरकते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी एकमध्ये बांधलेले काळी एकच्या जवळ जाऊन पोहोचते. ज्यांच्या घरात तानपुरा लागतो त्यांना हे मूळ ध्वनीशेजारी ठेवताच कळेल. ब्लू-रे आणि फोर-के डिस्कवर चित्रपट २४ चौकटींनीच साठवलेला असतो, म्हणून तिथे काळही खरा आणि स्वरही खरा. डीव्हीडीच्या मागच्या बाजूला छापलेला कालावधी मूळ कालावधीपेक्षा चार टक्के कमी दिसला, तर कारण बहुधा हेच असते.

बिंदूंच्या संख्येइतकेच महत्त्व बिटरेटला आहे. चलच्चित्र साठवताना प्रत्येक चौकट पूर्ण लिहीत नाहीत. मागच्या चौकटीपेक्षा काय बदलले तेवढेच लिहितात. वर्गात बसलेली मुले दाखवायला थोडी माहिती पुरते, पण क्विडिचच्या सामन्यात झाडूवरचे खेळाडू, प्रेक्षक आणि ढग एकाच वेळी सरकत असतात, तेव्हा माहितीची गरज एकदम वाढते. दर सेकंदाला किती माहिती वापरता येते ते प्रमाण म्हणजे बिटरेट. दोन थरांच्या डीव्हीडीवर ८.५ गिगाबाइट जागा असते. तिच्यावर एक चित्रपट ठेवला तर तो ऐसपैस बसतो. पण बाजारात मिळणाऱ्या ‘तीन चित्रपट एका डिस्कवर’ अशा प्रकारात हीच जागा तिघांत वाटली जाते, सेकंदाला जेमतेम अडीच मेगाबिट उरतात आणि सामन्याच्या दृश्यात चित्र चौकड्याचौकड्यांचे होते. फोर-के डिस्कची कमाल मर्यादा सेकंदाला १२८ मेगाबिट आहे, तर इंटरनेटवरून येणारा फोर-के चित्रपट साधारणपणे १५ ते २५ मेगाबिटांत बसवलेला असतो. ‘हे तर माझ्या ॲपवर फोर-केमध्येच आहे, मग डिस्क कशाला?’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर या आकड्यांत आहे. उरलेले निम्मे असे की ॲपवरचा चित्रपट हक्क संपले की निघून जातो, आणि त्याची कोणती आवृत्ती आज दाखवली जात आहे हे पाहणाऱ्याच्या हातात नसते.

२०१७ मध्ये आठही चित्रपट फोर-के डिस्कवर आले. आधी मार्चमध्ये शेवटचे चार आणि मग नोव्हेंबरमध्ये पहिले चार. ‘खरे फोर-के’ आणि ‘नावाचे फोर-के’ हा वाद अशा वेळी परीक्षणांत हमखास येतो, आणि तो निराधार नाही. ही मालिका मुख्यतः ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, आणि चांगल्या फिल्मवर फोर-के स्कॅनला पुरेल एवढा तपशील असतो. परंतु त्या दशकात संगणकावर केलेली परिणामदृश्ये, आणि बहुतेक मोठ्या चित्रपटांची अंतिम जुळणीसुद्धा, टू-के आकारात म्हणजे सुमारे २००० बिंदूंच्या रुंदीत होत असे. तिथून फोर-के डिस्क काढताना चित्र संगणकाने मोठे करावे लागते. लहान रांगोळी मोठ्या अंगणात काढली तर रेषा लांब होतात, पण मूळ कागदावर नसलेले ठिपके त्यातून उगवत नाहीत. इथेही तेच घडते. म्हणून एकाच चित्रपटात हॅग्रिडच्या कोटाची वीण लख्ख दिसते आणि पुढच्याच क्षणी संगणकाने काढलेला प्राणी किंचित मऊ दिसतो. पहिल्या चित्रपटातला मुलींच्या प्रसाधनगृहात शिरणारा राक्षस २००१ सालच्या तंत्राचा आहे आणि मोठ्या पडद्यावर तो प्लॅस्टिकचा भासतो. ती त्या काळच्या तंत्राची मर्यादा आहे आणि तिचे गुण डिस्कमधून कापणे अन्यायाचे आहे.

फिल्मवर चित्रित केल्याची आणखी एक खूण म्हणजे ग्रेन, चित्रभर सतत हलणारे बारीक कण. सवय नसलेल्याला ती घाण वाटते, आणि काही कंपन्या ती संगणकाने पुसून टाकतात. कणांबरोबर त्वचेची रंध्रे, लोकरीचे तंतू आणि जुन्या दगडी भिंतींचा खरबरीतपणाही पुसला जातो व चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसू लागतात. या मालिकेत तर हे विशेष खटकेल, कारण तीच मुले अकरा-बारा वर्षांपासून विशीपर्यंत पडद्यावर वाढताना दिसतात आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचे बदल हा मालिकेचा मोठा ठेवा आहे. ‘ग्रेन नैसर्गिक आहे’ असे परीक्षणात लिहिलेले असेल तर ती स्तुती समजावी.

फोर-के डिस्कचा खरा लाभ मात्र माझ्या मते बिंदूंत नाही, एचडीआरमध्ये आहे, म्हणजे उजेड आणि अंधार यांतले अंतर अधिक दाखवणाऱ्या चित्रात. साध्या व्हिडिओतील सर्वांत उजळ पांढरा सुमारे १०० निट्स (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) इतक्या प्रकाशासाठी ठरवलेला असतो. एचडीआर चित्र १००० किंवा त्याहून अधिक निट्ससाठी तयार करता येते. त्यामुळे भोजनगृहातल्या तरंगत्या मेणबत्त्यांच्या ज्योती भोवतालच्या भिंतींपेक्षा खरोखर अधिक उजळतात. पहिल्या चित्रपटासाठी आधी खऱ्या मेणबत्त्या तारांनी टांगल्या होत्या, पण ज्योतींच्या उष्णतेने तारा तुटू लागल्यावर त्या संगणकावर करण्यात आल्या. एवढी खटपट ज्या दृश्यासाठी झाली ते नीट पाहायला मिळावे हे मला फार महत्त्वाचे वाटते. मात्र स्वस्त टीव्हीवर ‘एचडीआर’ हा शिक्का असला तरी पडदा तेवढा उजळू शकत नाही, आणि तो कमतरता भरून काढताना सगळे चित्रच काळवंडते. अशा टीव्हीवर सहावा चित्रपट साध्या ब्लू-रेवरून अधिक चांगला दिसण्याची शक्यता आहे.

बिंदूंबद्दल बोलायचे तर आपल्या बैठकीच्या खोलीचे माप घ्यावे. सामान्य दृष्टीच्या माणसाला ५५ इंची टीव्हीवर ब्लू-रेचे बिंदू सुमारे सात फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत, आणि ४३ इंची टीव्हीवर साडेपाच फुटांपलीकडून. सोफा दहा फुटांवर असेल तर फोर-केचे जास्तीचे बिंदू डोळ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. हे परीक्षक क्वचित लिहितो, कारण तो बहुधा पडद्याच्या अगदी जवळ बसून तपासणी करत असतो.

ध्वनीच्या बाबतीत डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल ५.१ असते, ज्यात सहा वाहिन्यांचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या स्पीकरसाठीचा, आवाज सेकंदाला सुमारे ४४८ किलोबिटांत दाबून बसवलेला असतो. ब्लू-रेवर मूळ ध्वनी काहीही न गमावता साठवता येतो. २०१७ च्या फोर-के संचात डीटीएस-एक्स आहे, ज्यात आवाज डोक्यावरूनही येऊ शकतो, अर्थात छताकडे तोंड केलेले किंवा छतावरचे स्पीकर असतील तर. तपासणीसाठी पहिल्या चित्रपटातील बुद्धिबळाचा डाव ऐकावा: दगडी सोंगट्या फुटण्याचा धक्का सबवूफरमधून, म्हणजे खोल आवाजाच्या स्पीकरमधून, आला पाहिजे आणि तुकडे पडण्याचा बारीक आवाज त्या धक्क्यात बुडता कामा नये. पाचव्या चित्रपटात भविष्यवाण्यांच्या काचेच्या गोळ्यांची कपाटे कोसळतात, तिथे आवाज मागून पुढे सरकताना जाणवला पाहिजे. घरात फक्त टीव्हीचे स्पीकर असतील तर यातले काहीच लागू होत नाही; तिथे एकच गोष्ट पाहायची, संवाद स्पष्ट ऐकू येतात का. संवाद हळू आणि स्फोट मोठे ही तक्रार चांगल्या डिस्कवर अधिक येते, कारण तिच्यात लहान आणि मोठ्या आवाजांतले मूळ अंतर राखलेले असते. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको असेल तर प्लेअरमधील ‘नाइट मोड’ ते अंतर कमी करतो.

आपल्याकडच्या वाचकाला त्याहून मोठा प्रश्न भाषेचा पडतो, आणि परदेशी परीक्षणांत त्याचे उत्तर मिळत नाही. बाहेरून मागवलेल्या डिस्कवर हिंदी ध्वनिपट्टी असेलच असे नाही, आणि असली तर ती मूळ इंग्रजीइतक्या वाहिन्यांची असेलच असेही नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला इंग्रजी संवाद आणि इंग्रजी सबटायटल्स यांची गती एकदम झेपत नाही. त्याच्यासाठी साधी हिंदी डीव्हीडी ही देखण्या फोर-के डिस्कपेक्षा उपयोगी ठरते, हे मी कोणताही संकोच न बाळगता म्हणेन. भारतीय परीक्षकाने भाषा, प्रत्येक भाषेच्या वाहिन्यांची संख्या आणि सबटायटल्स वाचायला मिळणारा वेळ हे तिन्ही लिहिले पाहिजे.

कोणती आवृत्ती डिस्कवर आहे, हेही तपासावे लागते. पहिल्या दोन चित्रपटांच्या विस्तारित आवृत्त्या २००९ च्या ‘अल्टिमेट एडिशन’ संचांत आल्या: पहिला १५२ ऐवजी १५९ मिनिटांचा आणि दुसरा १६१ ऐवजी १७४ मिनिटांचा. २०१७ च्या फोर-के डिस्कवर मात्र चित्रपटगृहातलीच आवृत्ती आहे. ज्याला दुसऱ्या चित्रपटातील ती तेरा मिनिटे हवी आहेत त्याने जुना संच विकून टाकू नये.

सोबतच्या माहितीपटांबद्दल परीक्षक एखादी ओळ लिहून मोकळे होतात, आणि मुलांच्या चित्रपटांच्या बाबतीत मला ते मुळीच पटत नाही. ‘अल्टिमेट एडिशन’मध्ये मालिकेच्या निर्मितीवर आठ भागांचा माहितीपट आहे, प्राणी कसे घडवले, संगीत कसे बांधले हे त्यात दिसते. बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. येथील कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेल्या दादासाहेब फाळके यांनी पडद्यावर चमत्कार दाखवलेच, पण १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा चित्रपट काढून ते चमत्कार कसे होतात हेही लोकांना दाखवले. त्याच सुमारास सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्न आणि सिनेमायंत्र घेऊन गावोगावच्या लोकांना चित्रांतून शिकवत होती. जादू पाहून झाल्यावर ती कशी झाली हे समजून घेणारे मूल पुढच्या वेळी अधिक लक्षपूर्वक पाहते, म्हणून माहितीपट वगळलेला स्वस्त संच आणि माहितीपटासह आलेला महाग संच यांची तुलना करताना हा भाग किमतीत धरावा.

काही बाबी थोडक्यात उरकता येतात. डिस्क कोणत्या देशांत चालावी यासाठी कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेले आहेत: डीव्हीडीसाठी भारत विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग सी मध्ये येतो. अमेरिकेचा ब्लू-रे विभाग ए, युरोपचा बी, तेव्हा नातेवाइकांनी तिकडून आणलेली डिस्क इकडच्या प्लेअरवर चालेलच असे नाही. फोर-के डिस्कला विभागाचे बंधन नसते, पण तिच्यासाठी स्वतंत्र फोर-के प्लेअर लागतो. त्रिमितीय आवृत्ती घेण्यात आता अर्थ नाही, कारण तसे टीव्ही २०१७ च्या आसपास बंद झाले.

वयाबाबत मात्र घाई नको. ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने पहिल्या तीन चित्रपटांना पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावे असे) आणि चौथ्यापासून पुढच्यांना १२ए दिले. म्हणजे चौथ्यापासून बारा वर्षांखालील मुलांनी ते चित्रपटगृहात मोठ्यांच्या सोबतीनेच पाहावेत. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्यातील दुरुस्तीने यूए गटाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग केले आहेत. संच एकदम घरात आला की मुले सुट्टीत आठही चित्रपट ओळीने पाहायला बसतात, आणि पहिल्याला हसलेले मूल चौथ्याच्या शेवटच्या स्मशानातील दृश्याला घाबरते. चांगल्या परीक्षणात कोणत्या चित्रपटापाशी थांबावे हे स्पष्ट लिहिलेले असते.

खरेदीबद्दल माझे मत असे. घरी ४३ इंची किंवा त्याहून लहान टीव्ही असेल आणि मुले हिंदीतून पाहणार असतील, तर हिंदी ध्वनिपट्टी असलेली अधिकृत डीव्हीडी किंवा ब्लू-रे पुरेशी आहे. टीव्ही ५५ इंची, खरोखर उजळ आणि सोफा जवळ असेल, तर फोर-के संचाचे पैसे वसूल होतात. या दोहोंच्या मध्ये असलेल्यांनी संपूर्ण संच घेण्याआधी पहिला, तिसरा आणि सहावा हे तीन चित्रपट सुटे मिळवून आपल्या टीव्हीवर रात्री, दिवे मालवून पाहावेत. पहिल्यात मेणबत्त्या आणि बुद्धिबळाचा आवाज, तिसऱ्यात आगगाडीत डिमेंटर शिरतो तेव्हाचे फिके रंग आणि सहाव्यात गुहेतल्या खडकाचा पोत नीट दिसला, तर उरलेले पाचही घ्यायला हरकत नाही.